पपईचे पान, चीक, बी आणि फळ

पावसाळा उतरणीला लागला की वस्तीत तापाचे रुग्ण वाढतात आणि त्याच सुमारास पपईच्या झाडांचे शेंडे बोडके होऊ लागतात. कुणाच्या घरी डेंग्यू निघाला की शेजारपाजारचे पहिले वाक्य ठरलेले असते, "पपईचा पाला द्या, पेशी वाढतात." नाल्याच्या कडेला आपोआप उगवलेले, एरवी कुणाच्या लेखी नसलेले झाड त्या दिवसांत सगळ्या गल्लीचे होऊन जाते. गरोदर सुनेला मात्र त्याच झाडाचे फळ बघूही देत नाहीत. आणि रविवारी मटण जून निघाले तर आजीबाई त्याच झाडाचे कच्चे फळ चिरून भांड्यात टाकतात.

एकाच झाडाबद्दल इतक्या वेगवेगळ्या समजुती असतील, तर त्या एकेक करून तपासायला हव्यात. काही अगदी खऱ्या आहेत. काही अर्ध्या खऱ्या आहेत आणि त्याच जास्त धोक्याच्या आहेत, कारण त्यांच्या भरवशावर माणूस दवाखान्यात उशिरा पोहोचतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्या. "पपई औषधी आहे" असे मोघम म्हणून चालत नाही. पिकलेले फळ, कच्च्या फळाचा चीक, पान आणि बी या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत. चौघांत वेगवेगळे रासायनिक घटक आहेत आणि शरीरावर त्यांचे कामही वेगळे आहे.

झाड आले कुठून?

पपईच्या पानाच्या गोळ्या, रस, पावडर विकणारे "आपल्या ऋषिमुनींनी हजारो वर्षांपूर्वी सांगितलेला उपाय" असे छापतात. हे खरे असू शकत नाही. पपई हे मूळचे दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले झाड. चरक, सुश्रुताच्या काळात ते भारतात नव्हतेच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते फिलिपाइन्सकडे नेले, तिथून ते मलाक्काला आणि तिथून भारतात आले. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेला लिन्सखोटेन नावाचा डच प्रवासी होता. त्याच्या प्रवासवर्णनात हे फळ याच वाटेने भारतात आल्याची नोंद आहे. नावसुद्धा फळाबरोबरच आले. पोर्तुगीजांचे "पापाया" आपल्या तोंडी पपई झाले, खेड्यापाड्यांत पोपई झाले.

म्हणजे मिरची, बटाटा, पेरू यांच्यासारखीच पपई बाहेरून आली आणि आपली झाली. गेल्या चारेकशे वर्षांत आपल्या लोकांनी ती वापरून पाहिली, काही उपयोग शोधले. त्या अनुभवाला किंमत आहेच. मात्र जुने आहे म्हणून खरे, असे समजण्याचे कारण नाही, आणि हे तर तितके जुनेही नाही.

मटणात टाकलेली कच्ची पपई

या झाडाची खरी ताकद समजून घ्यायची तर स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी. कच्च्या पपईच्या सालीवर सुरी ओढली की पांढरा चीक गळतो. या चिकात पपेन नावाचे पाचक द्रव्य असते. मांस, अंडे, डाळ, दूध यांत प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ समजा. पपेन ही माळ जागोजागी तोडते. आपल्या पोटातला पाचक रस जे काम करतो तेच काम हे पपेन भांड्यात, आगीवर चढण्याआधीच करून ठेवते. जून बोकडाचे मटण असो की मोठ्याचे, त्यातले चिवट तंतू मऊ पडतात, लवकर शिजते, गॅस वाचतो.

एक किलोला सालीसकट वाटलेल्या कच्च्या पपईचे दोन चमचे पुरेत. अर्धा-पाऊण तास लावून ठेवावे. रात्रभर ठेवले तर मटणाचा लगदा होतो, चव जाते. गरोदर बाई जेवायला असेल त्या दिवशी पपईऐवजी दही लावावे. त्याचे कारण पुढे येईल.

फळ पिकत जाते तसा चीक कमी कमी होत जातो. पूर्ण पिकलेल्या फळात तो जवळजवळ राहत नाही. म्हणूनच पिकलेली पपई लावून मटण मऊ होत नाही, आणि म्हणूनच "जेवणावर पपई खाल्ली की सगळे पचते" ही समजूतही बेताचीच खरी आहे. पिकल्या पपईने पोट साफ होते हे मात्र नक्की. त्याचे श्रेय पपेनचे कमी, फळातल्या चोथ्याचे आणि पाण्याचे जास्त.

या पपेनचा मोठा धंदा आहे. कच्च्या फळांना पहाटे बारीक चिरा देतात, गळणारा चीक गोळा करतात, वाळवून भुकटी करतात. तामिळनाडूत तर खास चिकासाठीच पपईच्या जाती लावतात. ही भुकटी पाचक औषधांत जाते, बियर स्वच्छ करायला जाते. चीक काढून उरलेल्या कच्च्या फळाची रंगीबेरंगी टुटी-फ्रुटी होते. केकमध्ये, आइस्क्रीमवर जे लाल-हिरवे तुकडे लागतात ती बहुतेक वेळा आपली पपईच असते.

हा चीक कातडीला लागला तर आग होते, फोड येतात, डोळ्यात उडाला तर इजा होते. तेव्हा लहान मुलांना कच्ची पपई चिरायला देऊ नये. जो पदार्थ मटण मऊ करतो तो आपल्या कातडीला ओळखून सोडून देत नाही.

जखमेवर, नायट्यावर, विंचवावर

चिकाचे घरगुती उपयोग बरेच सांगतात. गजकर्णावर चीक, कुरूपावर चीक, चिघळलेल्या जखमेवर कच्च्या पपईचा लगदा. यातल्या शेवटच्या उपायाला आधार आहे. आफ्रिकेतल्या गांबिया देशात बांजुल इथल्या सरकारी रुग्णालयात भाजलेल्या मुलांच्या जखमांवर पपईचा लगदा रोज लावत. त्याने मेलेली कातडी सुटून येई आणि जखम स्वच्छ होई. याची नोंद डॉक्टरांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केली. पपेन घातलेली मलमेही निघाली. पण काही रुग्णांना त्यांची जबरदस्त ॲलर्जी आली, रक्तदाब उतरला. म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने 2008 मध्ये अशी विनापरवाना मलमे बंद करायला लावली. चिकातल्याच दुसऱ्या एका द्रव्याचे इंजेक्शन मणक्याची सरकलेली गादी विरघळवण्यासाठी 1982 पासून अमेरिकेत अधिकृतपणे देत. जीवघेण्या ॲलर्जीच्या आणि मज्जातंतूंना इजा झाल्याच्या घटनांमुळे तेही मागे पडले आणि पुढे बाजारातून गेले.

आता आपल्या घरात बघा. इथे डॉक्टर नाही, मोजमाप नाही, झाडाला धूळ लागलेली, हात नाल्याच्या पाण्यात बुडालेले. साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली आणि त्यावर चीक लावत आठवडा घालवला तर पुढे बोट कापायची पाळी येते. मधुमेहींनी पायाच्या जखमेवर घरचे काहीही लावू नये. साध्या पाण्याने धुवावी, स्वच्छ कापड बांधावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गजकर्ण हा बुरशीचा आजार आहे. चिकाने कातडी सोलली जाते, खाज दोन दिवस थांबल्यासारखी वाटते, बुरशी तिथेच राहते.

विंचू चावल्यावर चीक लावण्याची चाल कोकणात आणि इतरत्रही आहे. विष हे प्रथिन, पपेन प्रथिन तोडते, तेव्हा विष तुटणार, असा त्यामागचा हिशेब. ऐकायला बरोबर वाटतो. पण नांगीने विष कातडीच्या आत सोडलेले असते आणि काही वेळातच ते रक्तातून अंगभर जाते. वर लावलेला चीक तिथवर पोहोचतच नाही. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर हृदयावर परिणाम सुरू झालेला असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच आजारावर आयुष्य घालवले. प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने विंचूदंशाचे रुग्ण वाचतात हे त्यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिले. तोपर्यंत कोकणात विंचवाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. विंचू चावला तर चीक शोधत फिरण्यापेक्षा 108 ला फोन करा.

डेंग्यू आणि पपईचा पाला

आता मुख्य प्रश्न. पपईच्या पानाचा रस दिल्याने प्लेटलेट, म्हणजे आपण म्हणतो त्या पांढऱ्या पेशी, वाढतात का? आधी शब्दाचा घोळ सोडवू. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी या वेगळ्या आहेत. डेंग्यूत दोन्ही घटतात, पण ज्यांच्या आकड्याने घरचे घाबरतात त्या प्लेटलेट. त्यांचे काम रक्त गोठवण्याचे. निरोगी माणसात एका सूक्ष्म थेंबात त्या दीड ते साडेचार लाख असतात.

मलेशियात 228 रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर 50 ग्रॅम ताज्या पानांचा रस तीन दिवस दिला, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार दिले. रस घेतलेल्यांच्या प्लेटलेट जरा लवकर वाढल्या. त्यानंतर भारतातही पानाच्या अर्काच्या गोळ्यांवर अभ्यास झाले, गोळ्या बाजारात आल्या, काही डॉक्टर त्या लिहूनही देतात. तेव्हा पाल्यात काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही.

पण या अभ्यासात कुणाला रस मिळतो आहे हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, खोटा रस देऊन तुलना केली नव्हती. शिवाय डेंग्यूतून बरे होताना प्लेटलेट आपोआपच भराभर वाढतात. सातव्या-आठव्या दिवशी कुणी काहीही दिले, किवी दिले, बकरीचे दूध दिले, ड्रॅगन फ्रूट दिले, तरी दुसऱ्या दिवशीचा आकडा वाढलेलाच येतो आणि श्रेय त्या वस्तूला जाते. त्या दिवसांत बाजारात एकेका किवीचा भाव काय होतो ते आपण पाहतोच.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. डेंग्यूत बहुतेक माणसे प्लेटलेट कमी झाल्याने मरत नाहीत. या तापात बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातले पाणी वाहिन्यांबाहेर, पोटात, छातीत उतरते. आतले रक्त घट्ट होते, रक्तदाब पडतो, मेंदू-मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही. यालाच डॉक्टर शॉक म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे वेळेवर, मोजून दिलेले सलाइन. पपईच्या पानाने हे झिरपणे थांबते असे कुठल्याही अभ्यासाने दाखवलेले नाही. आकडा 40 हजारांचा असूनही माणूस सुखरूप असू शकतो, आणि लाखभर प्लेटलेट असलेला शॉकमध्ये जाऊ शकतो. घरच्यांचे डोळे मात्र सतत त्या एका आकड्यावर.

हा धोका नेमका कधी येतो तेही समजून घ्या. ताप चढलेला असताना नाही. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, "पाल्याने गुण आला" म्हणतात, पोरगा कामावर जायचे म्हणू लागतो. त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तवाहिन्या झिरपत असतात. तेव्हा ताप उतरल्यावरचे दोन दिवस जास्त लक्ष ठेवायचे.

त्या दिवसांत पोटात जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, शौचास काळी झाली, बाईला अवेळी किंवा फार रक्तस्राव झाला, हातपाय गार पडले, धाप लागली, माणूस अस्वस्थ किंवा झोपाळू झाला, सहा तासांत लघवी झाली नाही, यातले एक जरी दिसले तरी रात्र असली तरी रुग्णालयात न्यायचे. सकाळची वाट पाहायची नाही.

आता पाल्याच्या रसाचा एक प्रत्यक्ष तोटा. तो कडूजहर असतो. पुष्कळांना, मुलांना तर हमखास, त्याने उलटी होते. ज्या आजारात पाणी शरीरात टिकवायचे आहे त्यात आपण उलटी करवतो. वर, उलट्या हे तर धोक्याचे लक्षण. मग उलटी डेंग्यूने झाली की पाल्याने, हे घरच्यांनाही कळत नाही आणि डॉक्टरांनाही. त्यातून पाला कुठला? नाल्याकाठचा, गाड्यांचा धूर खाल्लेला, नीट न धुता वाटलेला.

आमचे सांगणे असे. डेंग्यूत पाला देऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फारच आग्रह असेल तर डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावी, आणि ती उपचाराबरोबर घ्यावी, उपचाराच्या जागी नाही. गरोदर बाईला, तान्ह्या मुलाला, यकृताचा आजार असलेल्याला, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्याला तर मुळीच नाही. दिला असेल तर डॉक्टरपाशी लपवू नका. "रागावतील" म्हणून आपले लोक सांगत नाहीत. रागावू द्या.

खरा घरचा उपचार साधा आहे. ताप आल्यापासून पाच दिवसांच्या आत एनएस-1 ही तपासणी, त्यानंतर आयजीएम. डेंग्यूची तपासणी सरकारी व्यवस्थेत मोफत होते, आशाताईंना विचारले तर जवळचे केंद्र कळते. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. अंगदुखीसाठी मेडिकलवाल्याकडून ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. मिठाची पेज, ताक, ओआरएस, नारळपाणी थोडे थोडे, दिवसभर. लघवी होते आहे ना, याकडे लक्ष. प्लेटलेटची पिशवी साधारणपणे आकडा दहा हजारांखाली गेला किंवा रक्तस्राव सुरू झाला तरच लागते. त्याआधी कुणी पिशव्यांसाठी धावाधाव करायला लावत असेल तर का, ते विचारावे.

गरोदर बाई आणि पपई

पपई खाल्ली की मूल पडते, ही समजूत सगळ्या देशात आहे. सिंगापूरच्या संशोधकांनी उंदरांवर याचा अभ्यास केला, तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण पिकलेल्या पपईचा रस पाजलेल्या गाभण उंदरांवर काही परिणाम झाला नाही. कच्च्या फळाच्या चिकाने मात्र गर्भाशय आकुंचन पावले. म्हणजे आजीबाईंचे म्हणणे निम्मे खरे. कच्ची आणि अर्धवट पिकलेली, सालीजवळ हिरवी असलेली पपई गरोदरपणात टाळावी. पूर्ण पिकलेली, केशरी झालेली पपई दोन-चार फोडी खाल्ली तर घाबरण्याचे कारण नाही. नकळत खाल्ली म्हणून सुनेला दोष देण्याचे तर अजिबातच नाही. गर्भपाताची कारणे बहुतेक वेळा गर्भाच्या जडणघडणीत असतात, बाईने काय खाल्ले यात नसतात.

याची दुसरी बाजू विहारात बायका एकट्या बसल्या की कुजबुजत बोलल्या जाते. नको असलेले गर्भारपण घालवायला कच्ची पपई, चीक, बिया, झाडाचा देठ असले उपाय आजही केले जातात. खाण्याने गर्भ पडेलच याची खात्री नाही. पोटात आग, उलट्या होतात, अर्धवट पडला तर रक्तस्राव थांबत नाही. काही आत घातले तर जंतू शिरून जीव जातो. या मार्गाला जाण्याची आज गरज नाही. 1971 पासून आपल्या देशात गर्भपाताचा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने आणि काही ठरावीक परिस्थितीत 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अठरा वर्षांवरील स्त्रीला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. लग्न झालेले नसले तरी हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. नाव गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरवर आहे. आई-मावशी-आत्याने हे आपल्या मुलीला सांगून ठेवावे. अडचण आल्यावर तिने पपईच्या झाडाकडे न जाता आपल्याकडे यावे, एवढा मोकळेपणा घरात असावा.

बिया

पपईच्या वाळलेल्या बिया जंतांवर देतात. नायजेरियात 60 मुलांवर केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. बियांची पूड मधातून दिलेल्या 30 मुलांपैकी 23 जणांच्या शौचातले जंत गेले, नुसता मध दिलेल्या 30 पैकी 5 जणांचे. उपाय अगदी पोकळ नाही. पण अंगणवाडीत आणि शाळेत जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते, तिचे प्रमाण ठरलेले आहे. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, दोन वर्षांवरील मुलाला एक. ती सोडून बिया वाटत बसण्यात अर्थ नाही. जयपूरच्या संशोधकांनी बियांचा अर्क वानरांना देऊन पाहिला, तेव्हा नरांचे शुक्रजंतू नाहीसे झाले आणि अर्क थांबवल्यावर परत आले. त्यावरून कुणी पुरुषांनी संततिनियमनासाठी बिया खाव्यात असे सांगत असेल तर त्याचा भरवसा धरू नका.

बियांचा एक वाईट उपयोग दुकानदार करतात. वाळलेल्या बिया काळ्या मिरीसारख्या दिसतात, म्हणून सुट्या मिरीत मिसळतात. ग्लासभर पाण्यात मिरी टाकून बघा. चांगली मिरी बुडते, पपईचे बी तरंगते.

आणि फळ

एवढे सगळे वाचल्यावर पिकलेल्या फळाचे महत्त्व सांगायला थोडीच जागा उरली, पण आमच्या मते या झाडाचा खरा औषधी भाग तोच. शंभर ग्रॅम पिकलेल्या पपईत साधारण 60 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या तोडीचे. केशरी रंगातून अ जीवनसत्त्व मिळते, ते डोळ्यांसाठी आणि मुलांच्या प्रतिकारशक्तीसाठी लागते. फोलेट असते. कॅलरी चाळिसाच्या आसपास.

यातले क जीवनसत्त्व आपल्या घरातल्या बायकांच्या कामाचे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. बाजरीची भाकरी, मेथी, शेपू, मसूर, हरभरा यांत लोह असते, पण शरीर त्यातले फार थोडे घेते. जेवणाबरोबर क जीवनसत्त्व असले की जास्त घेते. म्हणून पपई दुपारी मधल्या वेळेला खाण्यापेक्षा भाकरी-भाजीच्या जेवणाबरोबर खावी. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा, तो लोह अडवतो. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या सोडू नयेत, पपईने गोळीची भरपाई होत नाही. पपई परवडली नाही तर लिंबू पिळा, पेरू खा. पेरूत तर पपईच्या तिप्पट क जीवनसत्त्व असते.

मधुमेह असलेल्याने वाटीभर फोडी खायला हरकत नाही, रस नको. रक्त पातळ होण्याची वॉरफरिन गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून. ज्याला रबरी हातमोज्यांनी खाज येते त्याला पपईचीही ॲलर्जी असू शकते. रोज भरपूर पपई खाणाऱ्याचे तळहात पिवळे दिसू लागतात. डोळ्यांचे पांढरे पांढरेच असेल तर ती कावीळ नव्हे, पपई कमी केली की रंग जातो.

आपल्याकडे बाजारात नंदुरबार, धुळ्याकडची लांबट लाल गराची पपई बहुतेक तैवान 786 जातीची असते. घेताना साल निम्म्याहून जास्त पिवळी, देठाजवळ किंचित दबणारी घ्यावी. हातगाडीवर कापून उघडी ठेवलेली फोड स्वस्त मिळते, पण ती कशी कापली आणि कुठल्या पाण्याने धुतली ते कळत नाही. दोन-तीन घरांनी मिळून अख्खे फळ घेतले तर तेवढ्याच पैशात पडते. घराजवळ जागा असेल तर बी टाकून पाहा, वर्षभरात फळ धरते. फक्त एकच रोप लावू नका. देशी बियांतून काही झाडे नर निघतात, त्यांना लांब दांड्यांवर फुलांचे झुबके लोंबतात आणि फळ येत नाही. चार-पाच रोपे लावावीत, फुले आली की मादी झाडे ठेवावीत, नरांपैकी एक ठेवून बाकीची काढावीत. झाडाला घालायच्या पाण्याचा ड्रम झाकून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा रिकामा करून घासून वाळवावा. डेंग्यूचा डास त्यातल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो.